कीली आणि किल्ली

आमच्या ताईच्या सासरी अर्धा संसार मराठीत आणि अर्धा कानडीत चालतो. भावोजींचं खडेबाजारात साड्यांचं दुकान आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "मास्तर, बँकेनं इंग्रजीत काहीतरी पाठवलंय, जरा येऊन जा." घरात एखादा एम.ए. असला की असली कामं त्याच्याच गळ्यात पडतात.

कागद म्हणजे कार्डसुरक्षेची प्रश्नावली होती. 'पीसीआय डीएसएस' नावाचे हे नियम २००४ साली आले आणि व्हिसा, मास्टरकार्ड धरून पाच कार्ड कंपन्यांनी २००६ मध्ये त्यासाठी एक मंडळ नेमलं. हा सरकारी कायदा नव्हे. स्वाइप मशीन घेताना बँकेशी जो करार होतो त्यातून तो दुकानदाराला लागू होतो. "बँकेतला पोरगा म्हणाला, सगळीकडे 'होय' करा, सही करा, द्या पाठवून," भावोजी म्हणाले. पेनाचं टोपण काढून ते तयारच बसले होते.

मी प्रश्न वाचत गेलो. मशीनशी कुणी छेडछाड केली नाही ना, हे अधूनमधून तपासता का? मशीनचा नंबर कुठं लिहून ठेवलाय का? नव्हता. दुकानाचं वाय-फाय गिऱ्हाइकांनाही देता का? लग्नाचा बस्ता बांधायला आलेली वीस माणसं त्याच वाय-फायवर गाणी ऐकत बसतात आणि मशीनही त्यावरच चालतं. तेवढ्यात समोरचा पोऱ्या ओरडला, "काकू, पिन किती?" काकूंनी अख्ख्या दुकानाला पिन सांगितला. हे तर प्रश्नावलीतही नव्हतं!

मग तो प्रश्न आला. कार्डामागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, व्यवहार झाल्यावर कुठं साठवता का? भावोजी गप्प झाले. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं फोनवर कार्डाचा नंबर सांगतात, भावोजी तो एका लांब वहीत उतरवतात, कॉम्प्युटरवर भरतात, ओटीपीही फोनवरच विचारतात. दर वेळी विचारायला नको म्हणून ती वही जपून ठेवलेली. "पण कीली हाकीनि," ते ड्रॉवरकडे बोट दाखवत म्हणाले. आपल्याकडची गंमत बघा, मराठीत किल्ली म्हणजे उघडायची वस्तू आणि इथल्या कानडीत कीली म्हणजे कुलूप. ड्रॉवरची किल्ली मात्र ड्रॉवरलाच लटकत होती.

नियम इथं फार कडक आहे. ते तीन आकडे व्यवहारानंतर ठेवायचेच नाहीत, वहीत नाही, कॉम्प्युटरवर नाही, सांकेतिक लिपीत करूनही नाही. कार्डाचा पूर्ण नंबर ऑनलाइन दुकानदारांनी साठवायला तर रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२२ पासून बंदीच घातली आहे.

"ओटीपीशिवाय कोण काय करणार?" भावोजींचा सवाल. परदेशातल्या कित्येक संकेतस्थळांवर ओटीपी विचारतच नाहीत, आणि पोरं बाहेर असलेली माणसं कार्डाचे परदेशी व्यवहार चालू ठेवतात. ते पटेना. "चाळीस वर्षांत माझ्या दुकानातून कुणाचा रुपया गेलेला नाही."

मी वही चाळली. मधल्याच एका पानावर 'मास्तर' असं लिहून पुढं माझाच नंबर, मुदत आणि ते तीन आकडे. बायकोच्या वाढदिवसाला धारवाडहून फोनवर साडी सांगितली होती, तेव्हाचे. मीच सांगितले होते, स्पष्ट आवाजात, दोनदा. मुलगा जर्मनीत असल्यानं परदेशी व्यवहारही चालू. मी पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वही लगेच मात्र जाळता आली नाही, कारण तिच्याच मागच्या पानांवर उधारी होती! ताईनं दोन रात्री बसून उधारी नव्या वहीत उतरवली, कानडीत. रविवारी जुनी वही बंबात गेली. त्या पाण्यानं सगळ्यात आधी भावोजींनीच आंघोळ केली. प्रश्नावली अजून गेलेली नाही. वाय-फायवाला बुधवारी येतो म्हणालाय. मी मात्र सोमवारीच बँकेत जाऊन माझं कार्ड बदलून घेतलं. हे भावोजींना अजून सांगितलेलं नाही.