गाणारी सभा आणि ऐकणारी सभा

समाजवादी चळवळीच्या सभांचे एक लक्षण हळूहळू लोप पावले आणि त्याची खंत फारशी कोणी केली नाही. सभेच्या प्रारंभी जमलेले सारे लोक मिळून गाणे म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपकावर तयार गाणे लावले जाते, किंवा एखादा चांगल्या गळ्याचा कार्यकर्ता गातो आणि बाकीचे ऐकतात. वरवर पाहता हा बदल क्षुल्लक वाटेल. परंतु सामान्य माणूस हा इतिहासाचा कर्ता आहे, असे सांगणाऱ्या चळवळीनेच त्याला आपल्या सभेत प्रथम श्रोता म्हणून बसवावे, ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कोरेगाव तालुक्यातील हे कमंडलू नदीकाठचे बाजाराचे गाव नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव. त्यांचे वडील कवी गिरीश हे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले. या मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची प्रथा रूढ केली आणि कविता पुस्तकाबाहेर काढून हजारो लोकांच्या कानी घातली. हे कार्य मोठेच होते. मात्र त्यात गाणारा एक आणि ऐकणारे अनेक, ही विभागणी कायम राहिली. याच मुलखात गायनाची दुसरी, कितीतरी जुनी रीत नांदत आली आहे, ती वारकरी भजनाची. तेथे पुढचा माणूस चरण म्हणतो आणि टाळकरी तो उचलतात. कोणाचा आवाज फाटका, कोणाचा घोगरा. पण रांगेत उभे राहण्यासाठी गळ्याची परीक्षा द्यावी लागत नाही. कच्चा आवाज शेजारच्या पक्क्या आवाजाच्या आधाराने चालू लागतो. शिकणे आणि गाणे या तेथे दोन वेगळ्या अवस्था नसतात.

साताऱ्याच्या चळवळींनी ही रीत ओळखली होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सत्यशोधक जलसे या भागात गावोगाव फिरले, तेव्हा त्यांनी तमाशाचा परिचित साचा घेतला आणि त्यात नवा आशय भरला. १९४३ ते १९४६ या प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांच्या पोवाड्यांनी सभा जागवल्या. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि समूहगान हा शाखेच्या कार्यक्रमाचा भाग बनला. पुढे दलाच्या कलापथकाने तेच संस्कार रंगमंचावर नेले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाड्यात मुख्य आवाज शाहिराचा असला, तरी त्याच्यामागे झील धरणारे असतात, आणि सभा रंगली की ती झील व्यासपीठावरून खाली उतरून मैदानात पसरते. ऐकणाऱ्याचा गाणारा होतो तो याच क्षणी. शाहिराची खरी कसोटीही हीच.

मग हे गेले कोठे? दोष ‘डॉल्बी’ला देऊन मोकळे होणे सोपे आहे. गणेशोत्सवात छातीवर आदळणाऱ्या त्या आवाजापुढे माणसाने तोंड उघडूनही उपयोग नसतो, हे खरेच. परंतु कारण त्याहून खोल आहे. गाणे टिकते ते त्याला ठरलेली वेळ आणि ठरलेले निमित्त असते म्हणून. जात्यावरच्या ओव्यांचे पाहावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. इतके मोठे धन पहाटेच्या दळणाने सांभाळले होते. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट हलके झाले, ते योग्यच झाले. पण दळणाबरोबर ओवीची वेळही गेली. उलट भजन टिकले, कारण एकादशी गेली नाही. सेवा दलाची गाणी जेथे शाखा रोज भरली तेथे टिकली आणि शाखा बंद पडली तेथे आठवणीत जमा झाली. गाणी विसरली गेली म्हणून संघटना क्षीण झाली नाही. नियमाने एकत्र येणे थांबले, आणि त्याबरोबर गाणेही थांबले.

समूहगान चालवणाऱ्याचे काम म्हणूनच केवळ गायकाचे नसते. त्याचा पहिला निर्णय पट्टीचा. पुरुषांचा गळा साधारणतः काळी एक, काळी दोनच्या आसपास चालतो, तर स्त्रियांचा काळी चार, काळी पाचच्या. पुढच्या माणसाने आपला आवाज खुलेल अशी पट्टी धरली, की निम्म्या बायका नुसते ओठ हलवतात आणि त्यांना ‘उत्साह नाही’ असा शेरा मिळतो. वस्तुतः त्यांना गाण्यातून आधीच वगळलेले असते. चाल फार वर-खाली न जाणारी निवडणे, मधली पट्टी धरणे, एक ओळ स्त्रियांना व एक पुरुषांना देणे, लय सर्वांत मागच्या माणसाला झेपेल इतकी ठेवणे, हे साधे उपाय आहेत. पण ते सुचण्यासाठी आपल्या गळ्याचा मोह सोडावा लागतो. संघटनेतील नेतृत्वाचा प्रश्न याहून फार वेगळा नाही.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. हजारो माणसांनी एका सुरात गाणे हे हुकूमशाहीलाही आवडते. हिटलरच्या जर्मनीत पोरांना संचलनगीते शिकवून त्यांची विचारशक्ती मारण्यात आली, हे विसरता येणार नाही. परंतु एस्टोनियात १८६९ पासून चालत आलेल्या गीतमहोत्सवांच्या परंपरेतूनच १९८८ साली लाखो लोक गात गात सोव्हिएत सत्तेपुढे उभे राहिले. अमेरिकेत चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांनी १९४५-४६ च्या संपात चर्चमधले एक जुने गीत आपलेसे केले आणि ते पुढे साऱ्या नागरी हक्क चळवळीचे झाले. तेव्हा गाणे कोण निवडतो, न गाण्याची मोकळीक आहे की नाही, आणि गाणे संपल्यावर प्रश्न विचारता येतो की नाही, यावर सारे अवलंबून असते. शिवाय घोषणा देताना शेजाऱ्याचे ऐकावे लागत नाही. समूहात गाताना ते ऐकावेच लागते. लोकशाहीला या सवयीची नितांत गरज आहे.

रांगेत कोण उभे आहे, हा प्रश्न तर अधिकच मोलाचा. संतांनी समतेचे अभंग दिले, तरी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. समतेचे शब्द शतकानुशतके गाऊनही विषमता टिकू शकते, याचा हा कठोर पुरावा आहे. ज्या समूहगानात वेगवेगळ्या वस्त्यांतील माणसे खांद्याला खांदा लावून उभी नाहीत, त्यातील शब्द कितीही क्रांतिकारक असोत, ते गाणे अपुरेच.

कार्यकर्त्यांनी यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहू नये. रहिमतपूर असो वा दुसरे कोणतेही गाव, आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवावी आणि पाऊस असो, निवडणूक असो, ती मोडू नये. जागा अशी निवडावी की कोणत्याही वस्तीतील बाईमाणसाला तेथे यायला संकोच वाटणार नाही. भजनी मंडळातील जाणत्यांना सन्मानाने बोलवावे. चाल लावणे आणि ताल सांभाळणे त्यांच्याकडून शिकावे. ध्वनिक्षेपक आणू नये. पुढे उभे राहण्याची पाळी दर महिन्याला बदलावी आणि ती मुलींच्या वाट्यालाही यावी. वर्षभराने हिशेब करताना किती गाणी पाठ झाली हे मोजण्यापेक्षा एवढेच पाहावे की, गाणे चालवणारा एखाद्या दिवशी आला नाही, तर त्या दिवशी गाणे झाले की नाही. झाले असेल, तर तेथे संघटना उभी राहू लागली आहे, असे खुशाल समजावे.