देवमामलेदारांच्या गावात "ओळख आहे का?" कशाला विचारायचं?



पोस्ट थोडी लांब आहे, पण कामाची आहे. शेवटपर्यंत वाचा.

आपलं सटाणा देवमामलेदारांचं गाव. मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते, रथ निघतो, बागलाणातूनच नाही तर बाहेरच्या तालुक्यांतूनही माणसं येतात. देव कोण, तर एक सरकारी नोकर. यशवंत महादेव भोसेकर, इंग्रज सरकारचे इथले मामलेदार, म्हणजे आजच्या भाषेत तहसीलदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी उघडला. १ लाख २७ हजार रुपये वाटले असं सांगतात. वरचे साहेब तपासणीला आले तेव्हा खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

चमत्कार खरा की खोटा या वादात मला पडायचं नाही. ज्याची त्याची श्रद्धा. मला वेगळंच विचारायचंय. त्या दुष्काळात मामलेदार जर दुसरा कोणी असता, तर लोकांनी काय केलं असतं?

काहीच करता आलं नसतं. कारण रयतेला हक्कच नव्हता. मत नव्हतं, अर्ज फेटाळला तर दाद मागायला जागा नव्हती. खजिना रयतेच्याच शेतसाऱ्यातून भरलेला, पण मालक राणीचं सरकार. समोरचा माणूस दयाळू निघाला म्हणून बागलाण जगलं. प्रजा आणि नागरिक यातला फरक तो हाच. प्रजेला चांगला साहेब नशिबाने मिळतो. नागरिकाचं पोट साहेबाच्या स्वभावावर अवलंबून राहू नये, म्हणून कायदा असतो.

आपल्याच महाराष्ट्राने हे करूनही दाखवलंय. १९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. खडी फोडायला गेलेली माणसं अजून आहेत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्या काळात राज्यभर चालली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितलं तर १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. अंमलबजावणीत भानगडी झाल्या, मस्टरवर खोटी नावं चढली, सगळं खरं. पण शंभर वर्षांपूर्वी जे एका माणसाच्या काळजात होतं ते कागदावर, कलमात आलं. पुढे देशाने रोजगाराचा कायदा केला तोही याच वाटेने.

आता आजचं बघा. दाखला काढायचा असो, फेरफार असो की नळकनेक्शन, आपला पहिला प्रश्न काय असतो? "तठे कोनी वळखीना माणूस शे का?" ओळख निघाली की आपण खूश. नाही निघाली की एजंट. मागच्या जूनमध्ये ओळखीतल्या एका ताईंना मुलीच्या अॅडमिशनसाठी दाखला हवा होता. एका कार्यालयात त्यांना चार वेळा "उद्या या" सांगितलं. ताईंची मजुरी चार दिवस बुडाली. कोणीतरी सांगितलं म्हणून पाचव्या वेळी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "साहेब, अर्जाची पोच द्या, आणि किती दिवसांत मिळेल ते त्यावर लिहून द्या." दाखला दोन दिवसांत हातात. ना भांडण, ना पुढाऱ्याचा फोन.

हे ताईंवर कोणी केलेले उपकार नव्हते. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. जी सेवा त्यात अधिसूचित आहे तिला मुदत ठरलेली आहे. अर्जाची पोच देणं बंधनकारक आहे. कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार, अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावावाच लागतो. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना दिरंगाई केली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. माहिती अधिकाराचा अर्जही १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, कोणाचं काम कोणाकडे हे आपल्याला पाठ पाहिजे. सातबारा, फेरफार हे महसूल खात्याचं, म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार. शहरातली गटार, पाणी, कचरा नगरपरिषदेकडे, तिथे मुख्याधिकारी. गावात तेच काम ग्रामपंचायतीचं, वर पंचायत समिती, तिथे गटविकास अधिकारी. गावातून जाणाऱ्या विंचूर-प्रकाशा महामार्गावरच्या खड्ड्यासाठी नगरसेवकाला शिव्या देऊन उपयोग नाही, तो रस्ता त्याच्या ताब्यात नाही. आणि आमदाराचं मुख्य काम विधानसभेत कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं. दशक्रियेला आणि लग्नाला ते आले नाहीत म्हणून आपण रुसतो. अधिवेशनात त्यांनी किती प्रश्न मांडले, हे कोणी विचारतं का?

काही जण म्हणतील, "भाऊ, कायद्यावर बोट ठेवलं की साहेब डोक्यात ठेवतात. उद्या परत त्यांच्याच दारात जायचंय." हे खोटं नाही. एकट्या माणसाला भीती वाटणारच. म्हणून एकटं जाऊ नका. गल्लीतले पाच जण मिळून जा, नीट बोला, लेखी द्या. हेही लक्षात ठेवा की एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावांचा भार असतो. मन लावून काम करणारे कर्मचारी आपल्या तालुक्यात आहेत, नियमाने विचारणाऱ्या माणसाचा त्यांना त्रास होत नाही. त्रास होतो तो लटकवणाऱ्यालाच.

आणि खजिन्याचं काय? आज एखाद्या तहसीलदाराने मंजुरीशिवाय तिजोरी उघडून पैसे वाटले तर तो निलंबित होईल, आणि ते बरोबरच आहे. कारण आता त्या तिजोरीला मालक आहेत, तुम्ही आणि मी. पैसा कुठे जाणार हे अर्थसंकल्पात ठरतं, ग्रामसभेत ठरतं. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. त्यातून काय काम धरायचं हे गावाने ठरवायचं असतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. शंभर माणसं बसली तरी कोरम होतो. तेवढी माणसं मोबाईलवर मॅच बघायला पारावर जमतात. ग्रामसभेला मात्र रजिस्टर घरोघरी फिरतं आणि आपण सही ठोकून देतो. मग पेव्हर ब्लॉक कोणाच्या दारात बसले म्हणून वर्षभर चर्चा.

महाराजांना हात जोडा, जरूर जोडा. त्यांनी नोकरी पणाला लावून माणसं जगवली. पण पुन्हा तसाच देवमाणूस खुर्चीत येईल म्हणून वाट बघत बसू नका. त्यांना जे जिवावर उदार होऊन करावं लागलं, ते आज साध्या कारकुनाने नियमाप्रमाणे करायचं आहे. आपल्याला फक्त मागता आलं पाहिजे.

या आठवड्यात एकच करा. ज्या कार्यालयात जाल तिथे सेवांचा फलक शोधा, फोटो काढून इथे टाका. फलक नसेल तर तेही लिहा. फलक नसलेल्या कार्यालयांची यादी करून आपण सगळे मिळून एकच लेखी निवेदन देऊ. सही करायला कोण कोण येतंय, सांगा.