नागोबाचा उपास आणि आपली भक्ती

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखाटले जातात, लाह्या, दूर्वा, आघाडा यांची जुळवाजुळव होते, पुरणाच्या दिंडांसाठी डाळ निवडली जाते, आणि आदल्या दिवशी माताभगिनी भावाच्या आयुष्यासाठी उपास धरतात. हा सगळा विधी वाचकांच्या परिचयाचा आहे. तो आम्ही नव्याने सांगावा असे नाही. परंतु आज आम्ही भाविकांपुढे जो उपास मांडणार आहोत तो माणसाचा नव्हे, तो प्रत्यक्ष नागोबाचा आहे. त्या उपासाने आमची मान खाली घातली, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

गोष्ट गेल्या वर्षीची. शनिशिंगणापुरातील एका वस्तीवर गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात नाग निघाला. घरातील नातवाला साप धरण्याचा थोडाफार सराव होता. त्याने नाग मारला नाही, हे त्याचे पुण्यच म्हटले पाहिजे. त्याने तो काचेच्या पेटीत घातला, वर जाळीचे झाकण बसविले आणि घरच्यांना सांगितले, "पंचमीपर्यंत आपल्याकडेच राहू द्या. जिवंत नागाची पूजा करू आणि मग सोडून देऊ." घर भाविक. सकाळ-संध्याकाळ पेटीपुढे उदबत्ती लागू लागली. शेजारपाजारचे लोक दर्शनाला येऊ लागले. पोरे काचेवर बोटे आपटून फणा निघतो का ते पाहू लागली. पेटीत दुधाची वाटी ठेवली, नागाने ती हुंगली नाही. अंडे फोडून ठेवले, तेही तसेच राहिले. शेवटी कोणी मेलेला उंदीर आणून टाकला. तो कुजला, पण नागाने त्याला तोंड लावले नाही.

पंचमी दोन दिवसांवर आली तेव्हा त्या घरची आजी आमच्याकडे आली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "महाराज, नागोबा रुसला हो. सतरा दिस झाले, दुधाला तोंड लावीना. घरावर कोप तर नाही ना? का शनिदेवाची साडेसाती म्हणायची? शांत करावी लागत असंल तर सांगा, पोराच्या लग्नाला ठेवलेले पैसे आहेत."

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. आजीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून नव्हे. तो प्रश्न आमच्याच तोंडून तिच्या घरात गेला होता म्हणून. तीस-पस्तीस वर्षे आम्ही श्रावणातील कीर्तनात नागाला दूध पाजणाऱ्या भक्तिणीचे आख्यान रंगवीत आलो. नाग प्रसन्न झाला की वाटी रिकामी करतो, आणि तोंड फिरवितो तेव्हा घरात काही उणे आहे असे समजावे, हे वाक्य आम्ही टाळ्यांच्या कडकडाटात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. ते वाक्य ऐकून घरी गेलेली ही माउली आता नातवाच्या लग्नाचे पैसे मोडावयास निघाली होती.

आम्ही तिला म्हटले, "आक्का, शांत नको, पूजा नको. आधी जाणता माणूस बोलावू." वनखात्याला कळविले. त्यांच्यासमवेत एक अनुभवी सर्पमित्र आले. त्यांनी पेटीपाशी बसून जे समजाविले ते आम्ही विद्यार्थ्याप्रमाणे ऐकले.

ते म्हणाले, साप रुसत नाही, तो घाबरतो. त्याला चावून खाता येत नाही, भक्ष्य सगळे गिळावे लागते आणि ते पचावयास कित्येक दिवस लागतात. भरल्या पोटी साप जड होतो, त्याला चपळाईने पळता येत नाही; गिळल्यानंतर कोणी छेडले तर तो गिळलेले ओकून टाकतो आणि मोकळा होतो. म्हणजे खाणे हा सापाच्या दृष्टीने जोखमीचा प्रसंग आहे. आपण सुरक्षित आहोत असे वाटेपर्यंत तो ती जोखीम पत्करीत नाही. लपावयास बीळ नाही, चहूकडे उजेड, काचेवर सारखे आघात, समोर माणसांची गर्दी. अशा ठिकाणी तो खाणार कसा? शिवाय तो पेटीतून निसटण्यासाठी जाळीवर नाक घासत होता. त्याचे तोंड सोलवटून निघाले होते. दुखऱ्या तोंडाने कोण खातो?

दुसरे कारण थंडीचे. सापाचे रक्त आपल्यासारखे आतून ऊब धरीत नाही. बाहेरच्या उन्हावर त्याचे पचन चालते. ती पेटी सिमेंटच्या ओल्या भिंतीशी होती आणि पाऊस लागून राहिला होता. अंगात ऊब नसता गिळलेले भक्ष्य पोटातच सडते, म्हणून गारठलेला साप खात नाही. तिसरे कारण त्यांनी बोटाने दाखविले. नागाचे डोळे धुरकट, निळसर झाले होते. ती कात टाकण्याची वेळ. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो सहसा अन्नाला शिवत नाही. जोडीच्या हंगामात नर खाणे सोडतात, अंडी धरलेली मादीही खात नाही. तोंड आले असेल, पोटात जंत झाले असतील, तरी तो खात नाही. आणि अन्न ओळखीचे नसले तरीही नाही. साप आपल्या दुभंगलेल्या जिभेने हवेतील गंध टिपतो, टाळूतील एका इंद्रियापाशी नेतो आणि त्यावरून भक्ष्य ठरवितो. उंदीर, बेडूक, पाखरे, दुसरे साप ही नागाची भक्ष्ये आहेत. दूध कधीच नाही. दूध देतात ती सस्तन माता. नागाच्या कुळात दूध असतेच कुठे?

मग गारुड्याचा नाग दूध पितो तो कसा? याचे उत्तर ऐकून आम्हाला फार क्लेश झाले. पंचमीपूर्वी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंब देत नाहीत. दात उपटतात, काही वेळा तोंडही शिवतात. तहानेने व्याकुळ झालेल्या त्या जिवापुढे जे काही पातळ येईल त्यात तो तोंड घालतो. ते दूध त्याला पचत नाही. पुष्कळदा फुप्फुसात उतरते आणि थोड्या दिवसांनी तो मरतो. त्या वेळी आपण मात्र नैवेद्य पावला म्हणून हात जोडून समाधानाने घरी गेलेलो असतो.

त्या रात्री आम्ही आमची जुनी पोथी-पुस्तके काढून बसलो. संस्कृत कोशकारांनी सापाला जी नावे दिली आहेत ती लहानपणी घोकलेली. पण त्या रात्री त्यांचा अर्थ नव्याने उमगला. अमरकोशात साप 'पवनाशन' आहे, म्हणजे वारा खाऊन राहणारा. महिनोन्‌महिने अन्नावाचून राहणारा हा जीव आमच्या पूर्वजांनी पाहिला होता. म्हणून त्यांनी हे नाव दिले असावे. तोच 'बिलेशय' आहे, बिळात निजणारा. म्हणजे बीळ हे त्याचे घर, हे त्यांना ठाऊक होते. तो 'चक्षुःश्रवा' आहे, कारण त्याला बाहेरचा कान दिसत नाही. इतकी नावे दिली, पण त्या नाममालेत दूध पिणारा असे एकही नाव नाही. कोणी विद्वान म्हणेल, सुभाषितांत सापाला पाजलेल्या दुधाचा उल्लेख आहे ना? आहे, परंतु तो मूर्खाला केलेला उपदेश कसा उलटतो हे सांगण्यासाठी योजलेला दृष्टांत आहे. आणि त्या दृष्टांतातही दूध पाजणाराची स्तुती केलेली नाही, हे ध्यानात घ्यावे.

पुराणांकडे पाहावे तर तेथेही हेच. महाभारतातील आदिपर्वात जनमेजयाने सर्पसत्र मांडले आणि आस्तिकाने ते थांबविले. नागांचे रक्षण करणाऱ्या त्या मुनीचे स्मरण आपण या सणात करतो. आस्तिकाने नागांना पकडून पूजिले नाही. त्यांना मृत्यूच्या तोंडातून सोडविले. भागवतातील कालियाची कथा घ्या. भगवंताने त्याचे मर्दन केले, परंतु त्याला गोकुळात बांधून ठेवले नाही. बायकामुलांसह त्याच्या मूळ स्थानी, समुद्राकडे जाण्याची आज्ञा केली. देवाने ज्याला मोकळे केले त्याला आपण काचेत घालावे आणि वर दूध पाजावे, याला भक्ती म्हणता येईल काय?

येथे काही सज्जन विचारतील की, मग परंपरा बुडवावी काय? आमचे उत्तर असे की परंपरा नीट पाहावी. पंचमीला शेत नांगरू नये, जमीन खणू नये, विळीने चिरू नये, तवा चुलीवर ठेवू नये, असे आपल्या आज्या सांगत आल्या. या सर्व नियमांचा गाभा एकच आहे: त्या दिवशी भूमीतल्या जिवाला आपल्याकडून इजा होऊ नये. पूजा वारुळाची, पाटावरील गंधाच्या नागाची, मातीच्या नागाची. बायका वारुळापाशी जातात आणि परत येतात; वारूळ उकरीत नाहीत. घरात जिवंत नाग कोंडणे हे त्या नियमांच्या विरुद्ध आहे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची गोष्ट या ओघात टाळता येणार नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या पंचमीपूर्वी जिवंत नाग धरून मडक्यांत ठेवीत, पूजा करीत, मिरवीत आणि नंतर पुन्हा रानात सोडीत. तेथील लोकांचे नागावरचे प्रेम खोटे आहे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. नाग मारणे तेथे पाप मानले जाते. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांची ती प्रथा थांबली. २०२५ साली केंद्र शासनाने शिक्षणाच्या हेतूने, अटी घालून, २१ नाग धरण्याची परवानगी दिली. शिराळकरांच्या मनातील खंत आम्ही जाणतो. त्यांना आमची एवढीच विनंती की मडक्यातला नाग त्या दिवसांत काय खातो, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या श्रद्धेला विचारावा.

आता परदेशाकडे पाहू. तेथे पुष्कळ कुटुंबे साप पाळतात. पश्चिम आफ्रिकेतील एका जातीचा लहान अजगर त्यांत फार लोकप्रिय आहे; आणि तोच महिनोन्‌महिने अन्न नाकारण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील मालकही आपल्या आजीसारखेच हवालदिल होतात. जाणते वैद्य त्यांना आधी ऊब, अंधारी लपण, स्वच्छ पाणी आणि एकांत पाहावयास सांगतात; पाठीचा कणा दिसू लागला, तोंड सुजले, श्वासाला आवाज येऊ लागला तर औषधोपचार करतात. कोणीही नैवेद्य वाढवून पाहा म्हणत नाही. ही तर पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सहवासात वाढलेल्या जिवांची कथा. मग आपल्या गोठ्यातून काल धरलेल्या रानच्या नागाची काय अवस्था होत असेल?

आणि हे सर्व कोठे घडले? शनिशिंगणापुरात! ज्या गावात परंपरेने घराच्या चौकटीला दार लावीत नाहीत, कडीकुलूप घालीत नाहीत. ज्या गावचा देव स्वतः छपराखाली बसत नाही, ऊनपाऊस अंगावर घेत उघड्या चौथऱ्यावर उभा आहे. अशा गावात नागोबाच्या डोक्यावर मात्र आपण झाकण बसविले. याच नेवासे तालुक्यात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या शेवटी माउलींनी सर्व जीवांच्या परस्पर मैत्रीचे मागणे मागितले आहे. मैत्री जोडावयाची तर समोरच्या जिवाला जावयाची वाट मोकळी ठेवावी लागते.

त्या दिवशी वनखात्याच्या माणसांनी त्या तरुणाला समज दिली आणि नाग वस्तीपासून दूर ओढ्याकाठच्या बांधाशी सोडला. आजीही आली होती. नाग क्षणभर थांबला आणि दगडांच्या सांदीत शिरला. आजीने विचारले, "आता जेवंल ना तो?" सर्पमित्र म्हणाले, "आज नाही, आजी. आधी लपेल, कात टाकेल, ऊन खाईल. मग आपला आपण शोधील." आजीने तेथूनच हात जोडले. पंचमीला तिने पाटावर गंधाचा नाग काढला आणि लाह्या वाहिल्या. लग्नाचे पैसे घरातच राहिले.

त्या पंचमीच्या कीर्तनात आम्ही व्यासपीठावरून आमची चूक कबूल केली. काही श्रोते नाराज झाले. ते आम्ही मान्य करतो. तरीही यंदा आम्ही पुन्हा तेच सांगणार आहोत आणि येथेही तेच सांगतो. दारी गारुडी आला तर त्याच्या नागापुढे दूध ठेवू नका, पैसा टाकू नका. त्या पैशावरच पुढच्या वर्षीचा नाग पकडला जातो. ते दूध घरातल्या लेकराला द्या. नाग निघाला तर त्याला मारू नका आणि धरूही नका. मुलाबाळांना दूर ठेवून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. दंश झालाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता तडक रुग्णालय गाठा. आणि कोणाच्या घरी कोंडलेला नाग जेवत नसेल, तर तो कोपला असे समजून घाबरू नका. त्याला बीळ हवे आहे. ते त्याला परत द्या, की पूजा पावली.