विटेचा वीट

दिवाळीत घराला रंग काढायचा म्हणजे आधी जुना रंग खरवडावा लागतो. खरवडून झाले आणि नेमका त्याच दिवशी रंगारी गावाला निघून गेला, तर भिंतींची जी कळा होते, तीच हल्ली आणखी एका वस्तूची होते. छताला डकवलेला तो पांढरा चपटा डबा, ज्याच्यामुळे घरभर तारेवाचून इंटरनेट फिरते, त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. त्याला चालविणारा जो कार्यक्रम त्याच्या पोटात लिहून ठेवलेला असतो, तो फर्मवेअर. कंपनी अधूनमधून त्याची सुधारलेली आवृत्ती पाठविते. ती घेणे शहाणपणाचेच, कारण चोरांना सापडलेल्या फटी तीत बुजविलेल्या असतात. परंतु बहुतेक साध्या डब्यांत नवे लिहिण्यासाठी जुने पुसावे लागते; आणि पुसणे व लिहिणे यांच्यामध्ये वीज गेली की डबा निपचित पडतो. तंत्रज्ञ मंडळी अशा यंत्राला ‘वीट’ म्हणतात. आपल्याकडे वीट येतो तो मालकाला!

आमच्या दादाच्या नागपूरच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हेच झाले. घर जुने, भिंती हात-दीड हात जाडीच्या. आत मोबाइलला रेघ म्हणून दिसत नाही. पुतणी टोरांटोला, दिवस भरत आलेले. रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, आईचे तोंड पाहिल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. गच्चीच्या दाराशी उभे राहून दादाने मला पुण्याला फोन केला.

“अरे, डबा गेला. दुकानदार म्हणतो, नवा मागवावा लागेल, आठ दिवस लागतील. तुझ्या वहिनीने दुपारपासून अन्नाला हात लावलेला नाही.”

“दिवा लुकलुकतो का?” मी विचारले.

“लुकलुकतो, पण थांबतच नाही.”

“मग जिवंत आहे.”

माझा हा भरवसा पोकळ नव्हता. डब्याच्या स्मृतीत दोन भाग असतात. मोठ्या भागात फर्मवेअर, आणि एका लहानशा कोपऱ्यात बूटलोडर. वीज आली की प्रथम जागा होतो तो बूटलोडर. मग तो थोरल्याला उठवितो. सहसा नवी आवृत्ती लिहिताना या कोपऱ्याला हात लावीत नाहीत. त्यामुळे थोरला गेला तरी घराचा हा म्हातारा गडी दाराशी बसून असतो. मात्र त्याला बिनतारी कारभार ठाऊक नसतो, दूरचे जगही ठाऊक नसते. तारेने जोडलेला शेजारी तेवढाच त्याला ऐकू येतो. पुण्याहून मी कितीही हाका मारल्या तरी व्यर्थ! त्या घरातलेच एखादे यंत्र माझे हात व्हायला हवे होते.

म्हणून डबा खाली उतरवून गच्चीच्या दाराशी आणविला. दादाचा लॅपटॉप एका बाजूने तारेने डब्याला जोडला, दुसऱ्या बाजूने फोनच्या इंटरनेटला. आता त्याचा पडदा मला पुण्यात दिसू लागला. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमकी त्याच नमुन्याची फाइल उतरविली, आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे लॅपटॉपला डब्याच्या शेजारचा पत्ता हाताने दिला.

राहिले बारीक भोकातले बटण. ते दाबून धरून वीज लावली म्हणजे बूटलोडरला कळते की संकट आहे. टोकदार काही सापडेना, तेव्हा वहिनींनी बांगडीला अडकविलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी इकडे दहा आकडे मोजले, दिव्याची चाल बदलली, आणि फाइल निघाली.

ती जाते ‘टीएफटीपी’ नावाच्या रीतीने. हिची नियमावली १९८१ साली प्रसिद्ध झाली. रीत अगदी आजीच्या भरविण्यासारखी: ५१२ बाइटांचा एक घास द्यायचा आणि ‘पोचला’ असे उत्तर येईपर्यंत थांबायचे. उत्तर नाही आले, तर तोच घास पुन्हा. शेवटचा घास लहान आला की जेवण संपले. आमची फाइल सुमारे आठ मेगाबाइटची, म्हणजे सोळा हजारांच्या आसपास घास; पण काही क्षणांत संपले. यानंतरची मिनिटे खरी कठीण. घेतलेले सारे डबा स्मृतीत उतरवीत असतो आणि बाहेरून काहीच घडताना दिसत नाही.

“एकदा बंद करून लावू का?” दादा म्हणाला.

“अहो, हात मागे घ्या!” मी बोलण्याआधी वहिनीच म्हणाल्या.

सहा मिनिटांनी दिवा स्थिर झाला. रात्री नऊला पुतणीचा चेहरा पडद्यावर आला, आणि वहिनी जेवायला बसल्या.

याहून दूरची दुरुस्तीही माणसाने केलेली आहे. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेली ‘स्पिरिट’ गाडी तीन आठवड्यांच्या आतच पुनःपुन्हा बंद-चालू होऊ लागली. दोष होता फ्लॅश स्मृतीच्या कारभारात. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तिला त्या स्मृतीशिवाय जागे व्हायला सांगितले, आणि मग सावकाश घडी बसविली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठविलेली ती गाडी २०१० पर्यंत बोलत राहिली. तिथे तर बटण दाबायला कोणाची सेफ्टी पिनही नव्हती!

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत डब्याला नवी आवृत्ती द्यायचीच असेल, तर इन्व्हर्टरचा आधार असताना द्या. फाइल आधी उतरवून ठेवा, तारेची एक वायर माळ्यावर न टाकता हाताशी ठेवा. नवा डबा घेताना फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवणारा मिळतो का, ते विचारा. एक बिघडली तर तो दुसरीवर उठतो. आणि दिवा लुकलुकत असेल तोवर, दुकानदार काहीही म्हणो, डब्याला गेला म्हणू नका.