वळूचे मोल रुपयांत सांगा

राज्याचे पशुपैदास धोरण ठरवणाऱ्या मान्यवरांस,


मी मोहाडी तालुक्यातला धान उत्पादक. कोठ्यात संकरित गाई आहेत. 5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या विदर्भातच, वाशिम जिल्ह्यात, पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौ चिप’चे लोकार्पण झाले. त्यामुळे जनावराचे गुण आता जनुकांवरून ओळखता येतील. पण त्यातल्या कोणत्या गुणाला किती किंमत, हे कोणी ठरवले? कोणाच्या कोठ्यावरून?

रेतनाच्या वेळी वळूची चौकशी केली की आम्हाला त्याच्या आईचे दूध सांगतात. ते कोणत्या हवेत, कोणत्या खुराकावर निघाले, हे कोणी सांगत नाही. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि गव्हाणीत बहुतेक तणसच असते. अशा उन्हात गाईचा माज मुका राहतो, दिसत नाही. तो हुकला की पुढचे 21 दिवस थांबायचे. चारा-ढेपेचा रोजचा खर्च 150 रुपये धरला, तरी 3,150 रुपये गेले. वेत लांबले ते वेगळेच. वेळेवर गाभण राहणे, ऊन सोसणे, कासदाह न होणे, यांना आपल्या हिशेबात काय भाव आहे?

हे गणित जमते, हे आपण जाणता. अमेरिकेत 1994 पासून ‘नेट मेरिट’ निर्देशांक वळूच्या मुली आयुष्यभरात जातीच्या सरासरीच्या तुलनेत किती डॉलर जास्त नफा देतील याचा अंदाज देतो. त्यात गाईच्या जास्त वजनाचे गुण वजा होतात, कारण मोठे अंग जास्त खाते. ते आकडे उचलून आणू नका. तिथे भाकड गाईचेही पैसे होतात. आपल्याकडे गाईला कत्तलबंदी होतीच, 2015 पासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. मग इथे जास्त वेते टिकणारी गाय किती मोलाची, हे कोणी मोजायचे?

आमच्या गाईंच्या कानात 12 अंकी बिल्ला आहे. रेतन, गर्भतपासणी, विण्याची तारीख, सगळे लिहून नेले. फायदा तुम्हालाच होईल, असा शब्द दिला. त्या नोंदींतून आमच्या हाती काय आले? दूध 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या खाली गेले की पावतीवर दशांशाचा हिशेब होऊन दर कापला जातो. आमचे दूध इतके बारीक मोजता, मग वळूच का मोजत नाही?

येत्या उन्हाळ्याआधी प्रत्येक वळूच्या माहितीपत्रकावर त्याच्या मुलींच्या दोन वेतांतले अंतर, कासदाहाचे प्रमाण आणि विदर्भातल्या दुधाच्या व चाऱ्याच्या भावाने काढलेला नफा मराठीत छापा. आकडा कसा काढला, तेही लिहा. जमणार नसेल, तर का जमणार नाही, हे आम्हाला लेखी कळवा.

आपला,
एक गोपालक, मोहाडी, जि. भंडारा