सिद्धता, यंत्र आणि भाषा

गणिती सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्याचे शास्त्र आता केवळ तज्ज्ञांपुरते उरलेले नाही. चार रंगांच्या प्रमेयाची अशी तपासणी जॉर्ज गोंतिए यांनी २००५ साली जाहीर केली. २०१३ साली लिओनार्दो द मोरा यांनी आरंभिलेल्या ‘लीन’ या प्रणालीमुळे तर पदवीच्या वर्गातील विद्यार्थीही या वाटेस लागले. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित व संगणकशास्त्र एकाच पदवीत शिकविले जाते. तेव्हा त्या नगरीत या अभ्यासाला अनुकूल भूमी आहे. हा प्रश्न भाषाभ्यासकांचाही आहे, असे मात्र सहसा मानले जात नाही.

नवशिक्याची अडचण कोठे असते, हे एका उदाहरणावरून दिसेल. ‘अ मधून ब वजा करून पुन्हा ब मिळवला की अ येतो’ हे विधान त्याला उघड वाटते. पण यंत्राकडून ते सिद्ध करून घेता येत नाही. त्याने नैसर्गिक संख्या घेतलेल्या असतात, आणि लीनमध्ये अशा संख्यांत दोनातून तीन गेले की शून्य उरते. त्यात तीन मिळवले की दोन नव्हे, तीन येतात. विद्यार्थी यंत्राला अडेलतट्टू ठरवतो. वस्तुतः उणीव त्याच्या वाक्यात असते: ब हा अ पेक्षा मोठा नाही, ही अट त्याने मनात धरली, लिहिली नाही.

मनातले लिहून दाखविण्याची ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत ‘लीलावती’तील नियमांच्या उपपत्ती दिल्या. त्याच शतकात ज्येष्ठदेवांनी ‘युक्तिभाषा’ रचली, ती संस्कृतात नव्हे, तर मल्याळम् गद्यात. चेन्नईच्या अड्यार भागात दीर्घकाळ संशोधन केलेल्या के. व्ही. शर्मा यांनी तिचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. ते २००८ साली प्रसिद्ध झाले. देशभाषेला सूक्ष्म तर्क पेलत नाही, हा समज या ग्रंथाने केव्हाच खोटा ठरविला आहे.

यंत्राची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. निष्कर्ष गृहीतांतून निघतो की नाही, एवढेच ते पाहते. कोणत्याही संख्येला पुरी करता येणार नाही अशी अट गृहीत धरली, तर वाटेल ते विधान सिद्ध होते आणि यंत्र ते निमूटपणे स्वीकारते. विधानात अभिप्रेत अर्थ उतरला आहे काय, याचा निर्णय वाचणाऱ्या माणसानेच करावयाचा असतो.

म्हणून यंत्रापुढे बसण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपली सिद्धता तमिळमध्ये, मराठीत, ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत, एकही अट न गाळता लिहावी. हा दुहेरी भार होईल, असा आक्षेप येईल. परंतु प्रणालीतील मोजके इंग्रजी शब्द चार दिवसांत पाठ होतात. आपण काय गृहीत धरले हे ओळखण्यास वर्षे लागतात. ती ओळख स्वभाषेत लवकर होते, कारण तेथे पाठ केलेल्या वाक्यांच्या आड लपता येत नाही. ही पायरी वगळली, तर यंत्राची संमती मिळविण्यात तरबेज, पण आपण काय सिद्ध केले हे सांगू न शकणारी पिढी निर्माण होईल. तसे होऊ नये, ही जबाबदारी गणिताच्या विभागाइतकीच भाषाविभागांचीही आहे.