आधी लिहून घ्या, मग हसा

सावेडीत आमच्या शेजारी एक आजोबा राहत. तरुणपणी एका रात्री सायकलवरून घरी येताना भिस्तबाग महालाच्या बाजूला आपण एक ‘जनावर’ पाहिले, असे ते सांगत. पुढून उंच, मागून बसके, मानेवर केस ताठ उभे आणि चाल लंगडी. त्याला नाव मात्र ते देत नसत. लहानपणी आम्ही ही हकीकत हट्टाने ऐकत असू आणि त्यांची पाठ वळली की हसत असू.

महाविद्यालयात आल्यावर मला शहाणपण सुचले. वही घेऊन गेलो आणि पहिलाच प्रश्न टाकला, “आजोबा, ते तरस तर नव्हते?” वर मोबाइलवर चित्रही दाखवले. “हां, तसंच असेल,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तरसाचीच गोष्ट सांगू लागले, अंगावरच्या पट्ट्यांसकट. अंधारात पट्टे त्यांनी पाहिले होते की मी दिले, हे आता कळायला मार्ग नाही. आजोबा गेल्या वर्षी वारले.

आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या ऊसपट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे निघाली, शिवाय वाघाटीही. म्हणजे उसात काहीतरी दिसले म्हणणारा शेतकरी दर वेळी घाबरटच असतो, असे नाही.

“अशा गोष्टी जमवणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी,” असे माझा एक मित्र म्हणतो. मला हे पटत नाही. लिहून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे ओव्या, गाणी, कथा जमवल्या म्हणून आज त्या हाताशी आहेत. पण ‘मी डोळ्यांनी पाहिले’ ही हकीकत ना धड लोककथेत बसते, ना पंचनाम्यात. ती मोबाइलवर फिरते, आणि फिरता फिरता तिचे गाव बदलते.

आपल्या ग्रंथालयात यासाठी एक साधी वही असावी. कोणी पाहिले, कुठे, कोणत्या महिन्यात, चांदणे होते का, अंतर किती, आणि पाहिल्यावर तो माणूस पळाला की थांबला, एवढे विचारावे. प्राण्याला तो जे नाव देईल तेच लिहावे. नाव देत नसेल तर जागा कोरी ठेवावी. आपले तर्क वेगळ्या पानावर. चित्र तर मुळीच दाखवू नये!

अशा वहीचे पहिले पान मी घरी भरून ठेवले आहे. त्यात ‘पट्टे’ या शब्दापुढे कंसात लिहिले आहे: ‘माझ्या मोबाइलमधले?’